व्याही उतरेनात!

"बूट घ्यायचा तर माणसानं आधी सोताला वळखावं लागतंय!" असं हौसरावांनी दौंड स्टेशनाबाहेरच्या टपरीवर जाहीर केलं आणि तिथल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा हौसरावांकडून होता, मग डोलावतील नाही तर काय करतील!

हौसराव म्हणजे मालगाडीचे निवृत्त गार्ड. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढलेली. त्यामुळं आता एकदाचं पुढं बसायचं, असं त्यांच्या डोक्यात शिरलं आणि त्यांनी जाड टायरची, गिअरवाली माउंटन बाईक आणली.

"आन् माउंटन कुठाय?" त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी विचारलं.

"कालव्याचा भराव हाय की!"

सरूबाई पुढं बोलल्या नाहीत. कुठं थांबायचं हे त्या घरात फक्त त्यांनाच कळत होतं.

सायकल आली म्हटल्यावर बूटही तसलेच हवेत! हौसराव डेमू लोकल पकडून पुण्याला गेले. दुकानातल्या पोरानं सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"काका, तुमची रायडिंग स्टाईल कशी आहे?"

"म्हंजी?"

"म्हणजे सारखं थांबता, उतरता, पाय टेकवता का? मग हा सपाट तळाचा बूट घ्या. पेडलवर घट्ट बसतो आणि पाय कधीही उचलता येतो. की न थांबता लांब जाता? मग हा क्लिपवाला. तळव्याला पट्टी आहे, ती पेडलमध्ये खट्कन अडकते. सोडवायला टाच बाहेर वळवायची."

आता खरं बघाल तर हौसरावांची स्टाईल अख्ख्या दौंडला ठाऊक होती. घरातून निघाले की कोपऱ्यावर उतरून राम राम. पुढं किराणा दुकानापाशी उतरून तब्येतीची चौकशी. त्याच्या पुढं कुणाची म्हैस व्यालेली असली तर उतरून वाटीभर खरवस! कालव्यापर्यंत पोचेस्तोवर ऊन डोक्यावर यायचं. पण त्या कोवळ्या पोरासमोर हे कबूल कोण करणार?

"आपण एकदा बसलो की थांबत न्हाई!" हौसराव छाती काढून म्हणाले. "आपली थ्रू गाडी!"

"मग क्लिपवालाच. ही पेडलंही बसवून घ्या. पण काका, पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू सुरुवातीला ढिला ठेवा हं. आणि आधी गवतावर सराव करा."

ढिला! रेल्वेच्या माणसाला हा ढिला ठेवा म्हणतोय! जन्मभर गाडी सुटायच्या आधी डब्यांचं कपलिंग तपासलेल्या हौसरावांनी घरी येऊन पेडलं बसवली आणि दोन्हींचे स्क्रू असे आवळले, असे आवळले, की हातातली चावी वाकायला आली. तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

इथवर सगळं ठीक होतं हो! पण नेमकी येत्या गुरुवारी त्यांच्या अनिताची सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. मुलगा तालुक्यातल्याच राहू गावचा, इंद्रजीत, रांजणगावला कंपनीत कामाला. पोरांचं एकमेकांशी केव्हाच जमलेलं. प्रश्न होता तो मुलाच्या वडिलांचा. सोपानराव, गावचे आप्पा, बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. माणूस लाखात एक, पण मानपानाला भलता हळवा! थोरल्या मुलासाठी आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडलं होतं. का? तर मुलीच्या मामानं जीपमधून न उतरता, नुसती काच खाली करून राम राम घातला होता.

"सुपारी फुटेस्तवर राहूच्या वाटंला जाऊ नका," सरूबाईंनी बजावलं. "तुमी काय कराल ते देवालाबी सांगता यायचं न्हाई."

"छे! म्या कशाला जातोय!" हौसराव म्हणाले आणि रविवारी सकाळी थेट राहूला निघाले. मुलीचा बाप कसा ठणठणीत आहे, ते व्याह्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच त्या बिचाऱ्यांची इच्छा!

कंपाउंडच्या भिंतीला धरून त्यांनी डावा बूट अडकवला. खट्! उजवा अडकवला. खट्! आणि सायकल जी सुटली! रस्त्यात फाटक नाही, कुत्रं आडवं नाही, दोन्हीकडं ऊस डोलतोय आणि मधून हौसराव गाणं म्हणत चाललेत. ओळखीचंही कुणी भेटलं नाही. त्यामुळं राहू येईपर्यंत त्यांना एकदाही उतरावं लागलं नाही.

आणि गावात शिरतात तोच पारावर आप्पा बसलेले! त्यांनी हौसरावांना लांबूनच ओळखलं, लगबगीनं उठले, हात जोडले.

"या या पाव्हणं! अवचित येणं केलं!"

हौसरावांनी टाच बाहेर वळवली. बूट हलेना! दुसरी वळवली. ती तर ऐकायलाच तयार नाही! वाकून बुटाचा पट्टा सोडावा, तर मध्ये पोट येत होतं आणि सायकल गटाराकडं पळत होती. तसंच थांबावं, तर होणाऱ्या व्याह्यांसमोर धाडकन आडवं व्हायचं. मग त्यांनी एक हात कपाळाला लावला, "राम राम आप्पा! आलोच!" म्हणाले आणि समोरून निघून गेले.

आप्पा जोडल्या हातांनी तसेच उभे राहिले.

हौसरावांनी गावाला वळसा घातला. वळशात टाचा ओढल्या, झटकल्या, पेडलला शिव्या घातल्या, मग त्याच पेडलच्या विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही आणि पार पुन्हा आला.

"आवं उतरा की! च्या सांगितलाय!" आप्पा म्हणाले. ह्या वेळी ते अर्धेच उठले होते.

"आलोच, आलोच!"

तिसऱ्या खेपेला आप्पांनी तोंडच फिरवलं. शेजारी बसलेला हरिबा म्हातारा हौसरावांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलला, "आप्पा, ह्यो पाव्हणा उतरायला आलेलाच न्हाई. तुमचा ऊस किती, जनावरं किती, ते बघत फिरतोय! मगाशी तुमच्या गोठ्याकडं कसा टक लावून बघत हुता!"

हौसराव गोठ्याकडं बघत होते हे अगदी खरं. तिथल्या शेणाच्या ढिगात पडलं तर कितपत लागेल, याचा ते अंदाज घेत होते.

तेवढ्यात सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. कसाबसा एका हातानं काढला. अनिता!

"पप्पा, तुम्ही राहूत काय करताय? इंद्रजीतला गावातून कुणीतरी कळवलं, त्याचा ड्यूटीवरून फोन आला होता. आप्पांच्या समोरून जाताय-येताय आणि उतरत नाही म्हणे!"

"मला उतरता येत न्हाई गं!"

"का नाही येत? त्यात कसला कमीपणा? आप्पा घरी निघून गेलेत, गुरुवारचं राहू द्या म्हणालेत! पप्पा, माझ्यासाठी एकदा उतरा ना!" आणि फोन बंद झाला.

कधी हट्ट न केलेली पोर! बाप दिवाळीला गाडीवर असला तर त्याच्या वाट्याचं फराळाचं ताट झाकून ठेवणारी. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बापाकडं काही मागितलं, आणि ते काय, तर सायकलवरून उतरा! हौसरावांना रडूच फुटलं. दात पडले तर पडू देत, हात मोडला तर मोडू दे, पण पोरीचं लग्न मोडायचं नाही, असं ठरवून त्यांनी सायकल सरळ आप्पांच्या घराकडं वळवली.

अंगणात आप्पांची बायको, धुरपदाबाई, गाईला पाणी पाजत होत्या.

"विहीणबाई, धरा मला!" हौसराव ओरडले.

आता होणाऱ्या व्याह्यानं असं ओरडत अंगणात शिरणं बरं दिसतं का, तुम्हीच सांगा! ओसरीवरचे आप्पा ताडकन उठले. पण धुरपदाबाईंचा जन्म सुटलेली जनावरं धरण्यात गेलेला. त्यांनी बादली टाकली, दोन ढांगांत पुढं झाल्या आणि शिंगं धरावीत तशी हँडलची दोन्ही टोकं धरली. सायकल जागच्या जागी थांबली.

"आवं, हिकडं या!" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "पाव्हण्यांचं पाय अडकल्यात! उतरत्याल कसं?"

आप्पा आले. खाली बसले. टाच ओढून बघितली, पेडल हिसडून बघितलं.

"आप्पा," हौसराव वरून रडवेल्या आवाजात म्हणाले, "म्या अडकलो हुतो वो, माजलो नव्हतो!"

"आरं देवा! मग बूट ऱ्हाऊ द्या की तितंच! पाय तेवढा भाईर काढा!"

आणि आप्पांनी आपल्या हातांनी बुटांचे पट्टे सोडले. मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या पायाशी बसलाय, हे राहूनं आजवर कधी बघितलं नव्हतं! गल्लीतल्या बायका दारात आल्या, हरिबा पारावरून धापा टाकत आला. हौसराव एकदाचे जमिनीवर उतरले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, डोळ्यांत पाणी, आणि तसेच ते आप्पांच्या गळ्यात पडले. आप्पांनी आधी जरा अंग चोरलं. मग तो अंगठा त्यांना दिसला आणि ते जे हसायला लागले ते हसतच राहिले.

"गुरुवारी सुपारी फुटणार!" ते डोळे पुसत म्हणाले. "आन् वाजतगाजत फुटणार!"

धुरपदाबाई चहा टाकायला आत गेल्या. इकडं आप्पा सायकलभोवती फिरायला लागले. टायर दाबून बघितलं, गिअर करकरवून बघितले.

"साळंला म्या केडगावला सायकलवरच जायचो," ते म्हणाले.

"आप्पा, त्यो स्क्रू..." हौसराव बोलायला गेले आणि गप्प बसले. आत्ता कुठं जमलेलं लग्न, त्यात मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला नको कसं म्हणायचं? तेवढ्यात आप्पांनी धोतर वर खोचलं, हरिबाच्या खांद्याला धरलं आणि दोन्ही पाय पेडलवरच्या बुटांत सारून पट्टे आवळले.

"बराब्बर बसला की मापाला!" असं म्हणत ते अंगणाबाहेर पडले.

हौसरावांनी घरी फोन लावला. "जमलं! गुरुवार पक्का!"

पलीकडं अनितानं आनंदानं आरोळी ठोकली, सरूबाईंनी देवाला हात जोडले आणि फोन हातात घेतला. "लई झ्याक झालं! व्याह्यांना जरा फोन द्या, त्यांच्याशी दोन सबूद बोलते."

हौसरावांनी रस्त्याकडं बघितलं. आप्पा घामाघूम होऊन, टाचा झटकत, दारासमोरून निघून गेले.

"आत्ता न्हाई," हौसराव हळूच म्हणाले. "फुडल्या फेरीला देतो."