बाहेरून आणलेला थकवा

त्या शहरातल्या इतिहास संग्रहालयांत तिकिटाबरोबर थोडा जुना थकवा देतात. शतकानुशतकांचा थकवा साठवायला तळघरं पुरेनाशी झाली, तेव्हापासूनचा हा नियम. प्रेक्षकाने आपला वाटा घ्यायचा आणि शहराच्या हद्दीबाहेर नेऊन सोडायचा.

चिपळूणच्या शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर दत्ताराम खानविलकर यांना नियम मान्य होता. चार संग्रहालयं एका दिवसात उरकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या संग्रहालयात बाईंना तटबंदी बांधणाऱ्या गवंड्यांचा थकवा मिळाला. तो खांद्यांत बसला. दुसऱ्यात हरून परतलेल्या सैन्याचा मिळाला, तो पोटऱ्यांत उतरला. मास्तरांच्या वाट्याला दोन्हीकडे राजपुत्रांचा आला. "हा काही फार नाही," म्हणत ते पुढे चालत राहिले.

तिसऱ्या संग्रहालयाच्या दारात वजनकाटा होता. मंदाकिनीबाई त्यावर उभ्या राहिल्या. काट्याशेजारच्या अधिकारी बाईंचं बोलणं कानातल्या यंत्रातून मराठीत ऐकू येत होतं.

"तुमच्याकडे बाहेरून आणलेला थकवा आहे," त्या मंदाकिनीबाईंना म्हणाल्या. "बराच आहे. कशाचा?"

मंदाकिनीबाईंना आठवायला वेळ लागला. "सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं सगळं मीच करायचे. त्याचा असेल."

"आमच्याकडे शुश्रूषेचं दालन आहे. तिथे ठेवून घेता येईल. पण साक्षीदार हवा." अधिकारी बाई मास्तरांकडे वळल्या. "रात्री किती वेळा उठायच्या या?"

"मी माडीवर झोपायचो," मास्तर म्हणाले. "सकाळी शाळा असायची."

"औषधं कोणती होती?"

मास्तरांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"म्हणजे साक्षीदार नाही."

"राहू द्या हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं वागवलाय. चला, उशीर होतोय तुम्हाला."

त्या काट्यावरून उतरू लागल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "थांब जरा." मग अधिकारी बाईंना म्हणाले, "आईच्या खाटेशेजारी भिंतीवर तेलाचा डाग होता. ही तिथे बसल्या बसल्या डोकं टेकायची. दर दिवाळीला मी त्यावर चुना मारायचो."

"डाग जायचा?"

"पुन्हा यायचा."

अधिकारी बाईंनी मान हलवली. "हे चालेल."

थकवा काचेच्या कपाटात ठेवला गेला. नव्या वस्तूचा पहिला वाटा जवळच्या नातेवाइकाने घ्यायचा असतो. मास्तरांनी तो घेतला आणि दाराबाहेरच्या बाकावर जेमतेम पोचले.

"चौथं राहिलं," ते पुटपुटले.

"मी बघून येते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. गवंडी आणि सैन्य अंगात असूनही त्यांची पावलं झपाझप पडत होती. रस्ता ओलांडताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मास्तर बाकावर आडवे झाले. पहारेकरी लगेच आला. "इथे झोपायला मनाई आहे."

"उठवत नाही हो."

"कुठलं दालन?"

"शुश्रूषेचं."

पहारेकऱ्याने टोपी काढली. बाकाशेजारी उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना हळू बोलायला सांगू लागला.