प्रभाकर सरांच्या तळटिपा

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी आजवर एकच काम वेळेत केलं, आणि तेच चुकलं. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी ओळखपत्रं छापायची होती. मी ती एका संध्याकाळी उरकली. नावाच्या जागी छापलं : 'बी-३०४ ची बाई', 'ए-१०२ ची पोळीवाली'. सुटसुटीत. वॉचमनलाही सोपं.

दुसऱ्या दिवशी एक कार्ड लाल शाईने रंगून परत आलं. खाली पाच तळटिपा. पहिली : 'हा पत्ता झाला. नाव कुठे आहे?' पाचवी तळटीप चौथ्या तळटिपेला होती.

आमच्याकडे तळटीप म्हटलं की दुसरा संशयित नाही. बी-३०४ चे प्रभाकर सर. त्यांनी ठाण्यात आयुष्यभर कायदा शिकवला. नागरी हक्क आणि माणसाची ओळख या विषयावर चार जाडजूड पुस्तकं लिहिली. त्यातलं एक मला भेट दिलंय. सतराव्या पानावर मजकुराच्या दोन ओळी आहेत, बाकी तळटिपा. मी तिथेच थांबलोय. दूधवाल्याला चिठ्ठी लिहितील, 'उद्या दूध नको', तर खाली बारीक अक्षरात : 'परवाबाबतचे हक्क राखून.'

सर आडनाव लावत नाहीत. राहायला आले तेव्हा मी विचारलेलं. "लावत नाही," म्हणाले. मग मी आपुलकीने विचारलं, "मूळ गाव कुठलं?"

"हा मघाचाच प्रश्न आहे, सेक्रेटरी. कपडे बदलून आलाय."

तर मी कार्डं रद्द केली. नावं लिहून घ्यायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं आणि सकाळी सातला गेटपाशी खुर्ची टाकली. प्रत्येकीला विचारायचे, "कार्डावर कुठलं नाव हवं? माहेरचं की सासरचं?" असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे बायका विचारात पडायच्या आणि मागे रांग वाढायची.

"सर, काय पण लिहा ओ, वर भांडी पडलीत!" एकजण करवादली.

"'काय पण' हे नाव नाही, ताई."

"मग सुरेखा लिहा. नाय, थांबा. शेवंता. बाबा शेवंताच म्हणायचे."

सरांनी ठसठशीत अक्षरात 'शेवंता' लिहिलं. तळटीप दिली नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रारी आल्या. पोळ्यांना उशीर, डबे चुकले. मी खाली गेलो. "सर, वॉचमनला दाखवायचं कार्ड ते. एवढं कशाला?"

सरांनी वही मिटली.

"माझी आई नौपाड्यात एका घरी धुणीभांडी करायची. त्यांच्या सुनेचं आणि आईचं नाव एकच. घोटाळा नको म्हणून त्यांनी आईला मंगल केलं. वीस वर्षं ती मंगल. शेवटच्या आजारात त्या सासू-सुना चाळीत शोधत आल्या. हातात मोसंबी. दारात मला विचारलं, 'मंगल इथेच राहते ना?' मी नुकताच वकिलीची परीक्षा पास झालेलो. म्हटलं, 'इथे मंगल नावाचं कुणी राहत नाही.'"

"मग?"

"गेल्या. मुद्दा माझा बरोबर होता." सर चष्मा पुसत राहिले. "आतून आईने विचारलं, 'कोण आलेलं रे?' म्हटलं, 'कुणी नाही.' मग ती म्हणाली, 'त्या येतील बघ, मला विसरायच्या नाहीत.' चार दिवस दाराकडे बघत होती. चौथ्या दिवशी गेली."

पुढची बाई समोर येऊन उभी राहिली. सरांनी वही उघडली. "या ताई. नाव कुठलं हवं?"

मी घाई करा म्हणायला गेलेलो. तसाच वर आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

"आणि त्यांच्या आईचं खरं नाव काय?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"मग आधी खाली जाऊन विचारून या," ती म्हणाली. "चहा नंतर."