अडुसष्ट अंशांचे आबासाहेब

आबासाहेब पागनीस कुणाला "कसे आहात?" असं विचारत नसत. ते विचारत, "किती आहात?"

आणि उत्तर आकड्यातच द्यावं लागे. पहिल्या दिवशी मी बेसावधपणे "मजेत" म्हणालो, तर त्यांनी कोटाच्या खिशातून थर्मामीटर काढून माझ्या हातात ठेवला. "अंदाज नको, भिया. आकडा सांगा." इंदुरात भावाला भिया म्हणतात. त्यांच्या कोठीच्या आवारातल्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायला आलो होतो आणि माझं सामान अजून टांग्यातच होतं. मी निमूटपणे थर्मामीटर काखेत धरला, अठ्ठ्याण्णव आहे म्हणून सांगितलं. "पॉइंट?" आबासाहेबांनी विचारलं.

बडा गणपतीपासून हाकेच्या अंतरावर ही कोठी. पागनिसांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, वडील संस्थानचे इंजिनिअर. हे वडील विलायतेला जाऊन आले आणि येताना घर गरम ठेवण्याचं खूळ घेऊन आले. आता इंदुरात थंडी ती किती? संक्रांतीच्या मागेपुढे महिना-दीड महिना. बाकीचं इंदूर तेवढे दिवस शेगडी आणि तिळाची गजक यांवर काढतं. पण वडिलांनी मागच्या अंगणात माणसापेक्षा उंच असा कोळशाचा बंब बसवला, त्यातलं गरम पाणी लोखंडी नळांतून प्रत्येक खोलीच्या खिडकीखाली फिरवलं, आणि मधल्या बोळात भिंतीवर एक पितळी तबकडी लावली. तिच्यावर आकडा लावला की एक साखळी बंबाची झडप उघडायची आणि घर तेवढं गरम झालं की मिटायची. हा कंट्रोलर. आबासाहेब त्याला कंट्रोलरसाहेब म्हणत.

कंट्रोलरसाहेबांचा काटा अडुसष्टावर असे. सदुसष्ट नाही, एकोणसत्तर नाही. प्रत्येक खोलीत एक थर्मामीटर टांगलेला होता आणि आबासाहेब दिवसातून आठ वेळा शाल गुंडाळून सगळ्यांची हजेरी घेत. मी हसत असे, पण पाठीमागे. कारण अडुसष्टाची हकीकत मला ठाऊक होती. आबासाहेबांनी ती मला किमान चाळीस वेळा सांगितली असेल.

त्यांच्या पत्नी माईसाहेब तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून होत्या. झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पूर्वेकडच्या खोलीत त्या छताकडे बघत पडलेल्या असत. काही विचारलं तर मान नाही, डोळे नाहीत, काहीच नाही. गारठा बाधू देऊ नका, छातीत कफ धरला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि थंडी वाजतेय की नाही हे माईसाहेब सांगू शकत नव्हत्या. झटक्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्या याच खोलीत विणत बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "आता कसं बरं वाटतंय." आबासाहेबांनी तेव्हा बोळात जाऊन तबकडी बघितली होती. काटा अडुसष्टावर होता.

"तिचा शेवटचा आकडा आहे तो, भिया," ते म्हणत. "मतलब, नंतर तिनं दुसरा दिलाच नाही."

त्या वर्षी मार्गशीर्षात कंट्रोलरसाहेब वारले.

मी मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात सुपरवायझर होतो. भोंगा झाला की माझा जीव फक्त खाटेत असे. दिवसभर मशीन, मशीनखालची माणसं आणि मशीनवरचे साहेब यांची समजूत घालून मी घरी येई, आणि फाटकात आबासाहेब उभे. "आज पूर्वेची खोली एकसष्ट. भिया, जरा बघता का?" भाडेकरू माणूस नाही कसं म्हणणार? मी डबा फाटकाच्या खांबावर ठेवून पाना-पकड हातात घेत असे. आठ दिवस हे चाललं. आबासाहेब झडप हातानं उघडमीट करत बंब आणि पूर्वेची खोली यांच्यामध्ये येरझारा घालत होते. सत्तरीच्या घरातला माणूस, डोळे खोल गेले होते. चिडायचं तरी कुणावर?

शेवटी मी सांगून टाकलं. "आबासाहेब, आतली स्प्रिंग तुटलीय, दट्ट्या झिजलाय. हा आता दुरुस्त होत नाही. दुसरा बसवावा लागेल."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तबकडी पुसली. "इंदूरची राजधानी भोपाळला गेली. दफ्तरं गेली. शेर गेला, किलो आला. अब ये भी?"

"माईसाहेबांसाठी, आबासाहेब."

"बसवा," ते म्हणाले. "लेकिन जुना भिंतीवरून काढायचा नाही."

सियागंजातल्या एका दुकानात मला विजेवर चालणारा एक कंट्रोलर मिळाला. मूळचा कापड रंगवण्याच्या हौदासाठीचा होता, पण साखळी ओढायला पुरेसा होता. रविवारी सकाळी मी तो जुन्याच्या शेजारी बसवला. शनिवारी माझी दोन पाळ्यांची ड्यूटी झाली होती आणि पापण्या शिशासारख्या जड होत्या. आबासाहेब अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून मागे उभे होते. यंत्र चाललं तर खजरान्याच्या गणपतीला पायी जाऊन लाडू चढवीन असं ते बोलले होते.

"आकडा?" मी विचारलं.

"अडुसष्ट. दुसरा कुठला?"

मी काटा अडुसष्टावर नेला. साखळी हलली, झडप उघडली, बंब घुमायला लागला. आबासाहेबांनी दोन्ही यंत्रांना हात जोडले. "मी येईपर्यंत इथून हलायचं नाही," असं मला बजावून ते निघाले. बडा गणपतीहून खजराना म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं. माईसाहेबांचं सगळं करणारी गेंदाबाई त्यांना भरवून, रजई नीट पांघरून गच्चीवर मुगाच्या वड्या घालायला गेली. मी बोळात वेताच्या खुर्चीत बसलो. काय छान ऊब आली होती! कितीतरी महिन्यांत मला इतकी गाढ झोप लागली नव्हती.

"अरे बाबूजी, उठो नी! यो घर है के भट्टी?"

गेंदाबाई मला गदगदा हलवत होती. माझा शर्ट अंगाला चिकटला होता. खिडकीखालचे नळ सूं सूं करत होते. स्वयंपाकघरातल्या बरणीत थिजलेलं तूप पाणी झालं होतं. बोळातल्या थर्मामीटरमध्ये पारा एकशेचारावर होता. मी नव्या यंत्राकडे धावलो आणि तबकडीवरचं बारीक अक्षर तेव्हा कुठे वाचलं. सेंटीग्रेड. आबासाहेबांचा अडुसष्ट फॅरनहाइटचा, आणि हे बिचारं यंत्र घर सेंटीग्रेडच्या अडुसष्टापर्यंत न्यायला निघालं होतं. नवी मापं सगळ्या मिलला समजावून सांगणारा सुपरवायझर मीच होतो. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

मी तारा उपटल्या, झडप हातानं मिटली, खिडक्या उघडत सुटलो. तेवढ्यात लाडवांचा पुडा घेऊन आबासाहेब दारात. कपाळाला शेंदूर, पाय धुळीनं भरलेले. त्यांनी आधी पाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चूक माझी आहे, आबासाहेब. तुमचा अडुसष्ट म्हणजे याचा वीस. मी वीस लावायला हवे होते..."

ऐकायला ते तिथे नव्हतेच. पुडा माझ्या हातात कोंबून ते पूर्वेच्या खोलीकडे पळाले होते. मी मागोमाग गेलो.

माईसाहेबांचं कपाळ घामानं डबडबलं होतं, श्वास मात्र नीट चालला होता. रजई जमिनीवर पडली होती.

"रजई कुणी काढली?" आबासाहेबांनी विचारलं.

"म्हने नी काढी, साब," गेंदाबाई म्हणाली. "हूं तो सीधी बाबूजी कने गी."

"मीही नाही," मी म्हणालो. "मी झोपलो होतो."

आबासाहेबांनी रजई उचलली. खरं तर अशा उकाड्यात त्यांनी ती बाजूला ठेवायला हवी होती, पण त्यांनी ती जपून माईसाहेबांच्या अंगावर घातली आणि दोन पावलं मागे सरकले. आम्ही तिघं बघत होतो. थोड्या वेळानं रजईखाली काहीतरी हललं. माईसाहेबांचा डावा हात बाहेर आला. बोटं रजईच्या काठावर चाचपडली, काठ मुठीत आला आणि त्या हातानं, हळूहळू, थांबत थांबत, रजई छातीवरून खाली सारली.

आबासाहेब पलंगाशी खाली बसले.

"उकडतंय तुला?" ते म्हणाले. "उकडतंय होय गं? मग आधी नाही का सांगायचं?"

आणि पलंगाच्या काठावर डोकं टेकून ते लहान मुलासारखे रडले. गेंदाबाई पदर तोंडाशी धरून बाहेर गेली. माझ्या हातात लाडू होते, ते कुठे ठेवावेत हे मला सुचेना.

थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. "तीन वर्षं, भिया. तीन वर्षं मी सगळं बराबर अडुसष्टावर ठेवलं. तिला कधी गार होऊ दिलं नाही, कधी उकडू दिलं नाही. बोलायला तिच्याजवळ मी ठेवलंच काय होतं?"

मी बोळात जाऊन तारा पुन्हा जोडल्या आणि काटा विसावर लावला.

पण तो विसावर फार दिवस राहिला नाही. रोज संध्याकाळी आबासाहेब काटा अंशाअंशानं वर नेत, प्रत्येक वेळी पूर्वेच्या खोलीत जाऊन पलंगाशी बसत आणि वाट बघत. माईसाहेबांच्या हातानं रजई सारली की परत येऊन काटा जरासा खाली. एखादे दिवशी हात मुळीच हलत नसे. मग त्या दिवशी त्यांना जेवणाची आठवण राहत नसे. जुने कंट्रोलरसाहेब शेजारी भिंतीवर अडुसष्टाचा काटा धरून नुसते लटकत होते.

पौषातल्या एका संध्याकाळी मी मिलमधून परत आलो, नेहमीसारखाच अर्धा मेलेला. फाटकात आबासाहेब उभे. खिशात थर्मामीटर नव्हता. मीच विचारलं, "आज किती, आबासाहेब?"

"आकडा नाही बघितला, भिया," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुलला होता. "मी तीनदा रजई घातली, तिनं तीनदा फेकली. आज भांडली माझ्याशी."