मागे न फिरणारे परबकाका

परबकाकांच्या खोलीपासून नळ डाव्या हाताला, तीन दारांवर. पण भरलेली बादली घेऊन काका घरी यायचे ते अख्ख्या मजल्याला वळसा घालून. आमची लालबागची चाळ चौकोनी, मधे चौक, भोवती गॅलरी. देवळात प्रदक्षिणा घालतात तसा चौक उजव्या हाताला ठेवूनच चालायचं, हा त्यांचा नेम. कुणी हसलं की म्हणायचे, "पृथ्वी कधी मागे फिरता?"

काका कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. खोलीत एकटेच. घड्याळ लावून जगाला फेरी मारणाऱ्यांच्या कादंबऱ्या वाचनालयातून आणायचे आणि खऱ्या वैमानिकांच्या बातम्या कापून भिंतीला चिकटवायचे. शेवटी स्वतःच निघाले. गॅलरीची एक फेरी म्हणजे दहा मैल. शंभराव्या दिवशी दिवेलागणीच्या आत पृथ्वी पुरी करून मुंबई गाठायची. एकदा जरी मागे फिरलं तरी प्रवास रद्द. नियम त्यांचेच, आणि त्यावरून इतरांना दम देणारेही तेच.

त्याच सुमारास माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात पुढे असणारा माणूस, पण पाय ओढताना कुणी बघू नये म्हणून दाराबाहेर येईना. डॉक्टर म्हणाले, चालले नाहीत तर पाय कायमचा जाईल. आम्ही समजावून थकलो. काकांनी तब्येतीची चौकशी एकदाही केली नाही. फक्त दारावरून जाताना माझ्या आईला ओरडून सांगायचे, "वहिनी, सिंगापूर इला! च्या टाका!"

बाबा आधी वैतागले, मग अंथरुणातूनच भांडू लागले. "परब, जपानच्या आधी हाँगकाँग येतं!" भांडण नीट करता यावं म्हणून पुढे पुढे उंबऱ्याशी येऊन बसू लागले.

शंभरावा दिवस उजाडला तो आंदोलनामुळे लागलेल्या कर्फ्यूत. गिरण्या बंद, सगळी चाळ घरात. संध्याकाळी काकांची शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा सगळे गॅलरीत उभे होते. काका आमच्या दारावरून गेले आणि बाबा कठडा धरून उठले, त्यांच्या मागोमाग निघाले. चार पावलांवर पाय अडला. पुढे जाववेना, मागे येववेना. मी धावलो तर माझा हात झटकला. "परब!" एवढीच हाक मारली.

काका दहा पावलं पुढे होते. समोर त्यांचं दार दिसत होतं. ते थांबले, आणि वळले. मागे येऊन त्यांनी बाबांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "सावकाश चला, दादा." चाळीत दिवे लागले तेव्हा दोघं अजून काकांच्या दाराअलीकडे, जिन्यापाशीच होते.

कुणीतरी हळहळलं. काका म्हणाले, "पृथ्वी खंय पळान जातली?"

दुसऱ्या दिवसापासून रोज गॅलरीतून दोघांची बोट सुटू लागली. पुष्कळ दिवसांनी बाबांनी मला सांगितलं. फार वर्षांपूर्वी काकांची बायको कोकणात गावी आजारी होती. तार आली तसे काका बोटीच्या धक्क्यावर पोचले, आणि आठवलं की तिच्यासाठी घेतलेली संत्री खोलीतच राहिली. ते मागे फिरले. तेवढ्यात बोट सुटली. दुसऱ्या बोटीने घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी बाबा स्वतःच्या पायांनी मिरवणुकीत चालले. आम्हाला बाबा परत मिळाले ते परबकाकांमुळे, हे ऋण मी कधी विसरलो नाही. मिरवणुकीत काका आमच्या पुढे होते. दर चार पावलांवर मागे वळून बघत होते, दादा येतायत ना.