आडवेरावांची सत्तरी

कारखान्यातल्या जेवणघराच्या भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवले होते. एकाखाली लिहिलं होतं ‘आज’ आणि दुसऱ्याखाली ‘सत्तराव्या वर्षी’. आडवेराव आलटून पालटून दोन्हींकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळत चाललं होतं. दोन्ही फोटो सारखेच होते. डोळ्यांखाली त्याच पिशव्या, गालांना तेच खड्डे, कपाळावर तीच नांगरट. फरक काढायचाच म्हटला, तर सत्तरीतले आडवेराव जरा टवटवीत दिसत होते.

“बाई, तुम्ही माझा एकच फोटो दोनदा लावलाय,” त्यांनी कसंबसं म्हटलं.

कारखान्यात अभ्यासाला आलेल्या संशोधक बाईंनी चष्मा पुसला, भिंतीला नाक लावून दोन्ही फोटो तपासले आणि मान हलवली. “नाही हो, काका. उजवीकडचा सत्तरीचाच आहे. हे फोटोचं मशीन सगळ्यांना सारखंच म्हातारं करतं. तुमच्या बाबतीत त्याला फारसं काही करायला उरलं नव्हतं, इतकंच.”

आडवेरावांना दुसरा धक्का बसला तो ‘काका’ या शब्दाचा. बाई स्वतः पन्नाशी ओलांडलेल्या. आडवेराव पंचेचाळिशीत.

आता हे आडवेराव म्हणजे कोण, तर गाद्यांच्या कारखान्यातले तपासनीस. तयार झालेली प्रत्येक गादी त्यांच्यापुढे यायची. ते तिच्यावर आधी उताणे, मग या कुशीवर, मग त्या कुशीवर झोपायचे आणि डोळे मिटून सांगायचे, “पायथ्याची तिसरी स्प्रिंग ढिली आहे. न्या परत.” उसवून बघितलं तर तिसरीच निघायची. एकदा म्हणे त्यांनी गादीच्या पोटात राहिलेलं शिलाईवाल्या मावशींचं बटण पाठीनं ओळखलं होतं, आणि त्याला भोकं किती तेही सांगितलं होतं. असल्या माणसाला आडवेराव नाही म्हणायचं तर काय उभेराव म्हणायचं?

पण दिवसभर गादीवर पडून जागं राहायचं, हे काम ऐकायला जितकं गोड तितकं करायला कडू. डुलकी लागली की पगार कापला. रात्री घरी पाठ टेकली, की पाठीला वाटायचं कचेरी भरली. ती लगेच कामाला लागायची. ‘डावीकडे कापूस कमी आहे. मधे खोलगट झालंय.’ आडवेराव बिचारे छताकडे बघत पडून राहायचे. वर्षानुवर्षं गाद्यांवर लोळणारा हा माणूस गेल्या कित्येक वर्षांत धड झोपलेलाच नव्हता. चेहऱ्याची ती दशा त्यातून झालेली.

संशोधक बाईंचं काम वेगळं होतं. माणसं म्हातारपणासाठी पैसे बाजूला का टाकत नाहीत, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की आपल्यातला उद्याचा म्हातारा आपल्याला परका वाटतो. परक्यासाठी कोण पोटाला चिमटा घेईल? त्याचं तोंड एकदा दाखवा, माया आपोआप सुटेल. म्हणून हे फोटो. मालकांनीही उत्साहानं जाहीर करून टाकलं होतं, “जो कामगार म्हातारपणासाठी जेवढे टाकेल, तेवढेच मी माझ्या खिशातून टाकीन!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांचं हे औदार्य आंधळं नव्हतं. बाईंनीच त्यांना खासगीत सांगितलं होतं, की माणसं ‘उद्या बघू’ म्हणतात आणि तो उद्या काही उजाडत नाही.

संध्याकाळी आडवेराव दोन्ही फोटो काढून घरी घेऊन आले. निदान बायको तरी खरं सांगेल. खालची नावं अंगठ्यानं झाकून त्यांनी सत्तरीचा फोटो पुढे केला.

“अगंबाई, छान आलाय की!” बायको म्हणाली. “कधी काढलात? आज दाढी बरी केलीय तुम्ही.”

“अगं, हा मी सत्तरीतला आहे!”

बायकोनं फोटो दिव्याखाली धरला, मग नवरा दिव्याखाली धरला. “मग माझं काही म्हणणं नाही,” ती समाधानानं म्हणाली. “माझे बाबा सत्तरीत याहून वाईट दिसायचे. तुम्ही आहात तस्सेच राहणार. आणि तो दुसरा फोटो काय म्हणतोय?”

दुसरा फोटो आजचा होता. तो तिनं बघितला आणि तिच्या तोंडून नुसतं “आई गं!” निघालं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाऊल टाकलं, तर स्प्रिंगवाला स्टूल घेऊन धावत आला. शिलाईवाल्या मावशी वयानं साठीच्या, पण त्यांनी डोक्यावरचा पदर नीट करून खालमानेनं विचारलं, “बरं आहे ना, बाबा?” जिन्यावर दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरलं. आडवेराव ओरडले, “अरे सोडा, मला काय धाड भरलीय?” तर धरणारे एकमेकांना हळूच म्हणाले, “या वयात चिडचिड होतेच.”

हेही त्यांनी गिळलं असतं. पण दुपारी मालकांनी बोलावलं. मुख्य तपासनिसाची जागा महिनाभर रिकामी होती आणि ती आडवेरावांना मिळणार हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या जागेला काचेची केबिन होती. आणि मुख्य म्हणजे त्या जागेवरच्या माणसाला आडवं पडावं लागत नसे. दिवसभर खुर्चीत ताठ बसलो तर रात्री पाठ तरी पाठीसारखी वागेल, या एका आशेवर आडवेराव जगत होते.

“तुमच्या अनुभवाला तोड नाही,” मालक त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाले. “पण ती भिंत बघितल्यापासून मला रात्रभर एकच विचार छळतोय. आज तुम्हाला मुख्य नेमायचं आणि उद्या निरोपाचा हार आणायचा, हे काही बरं दिसत नाही.”

“साहेब, मी तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे!”

मालकांनी समोरच्या काचेत स्वतःला बघितलं, मग आडवेरावांना बघितलं, आणि त्यांना खरोखर धक्का बसला. पण तो त्यांनी अविश्वासाच्या खात्यात टाकला. “कागदावर असाल. कागदाचं काय! ती जागा धावपळीची आहे. स्प्रिंगवाला तरुण आहे, त्याचा विचार करतोय मी.”

स्प्रिंगवाला आडवेरावांहून चार वर्षांनी मोठा होता. पण झोप म्हणजे काय चीज आहे! तो बसल्या जागी घोरायचा आणि गाल सफरचंदासारखे.

आडवेरावांच्या डोक्यात तिडीक गेली. तरणाबांडपणा चेहऱ्यावर दिसत नसेल, तर तो अंगातून दाखवायचा! मालक खाली उतरत असतानाच त्यांनी कारखान्यातली सगळ्यात जाड, दोघांची गादी पाठीवर घेतली आणि वरच्या गोदामाचा जिना चढायला सुरुवात केली. खालून दिसत होतं ते असं, की एक गादी आपल्या दोन पायांनी जिना चढते आहे.

“कोण रे तो पठ्ठ्या?” मालक कौतुकानं म्हणाले.

“मी आहे, साहेब! आडवेराव!” गादी म्हणाली.

आणि मालकांकडे वळून बघायला म्हणून ती गादी तिथंच फिरली. जिना होता दीड हात रुंद. गादीचं एक टोक कठड्यात अडकलं, दुसरं भिंतीत, आणि आतल्या स्प्रिंगा आडवेरावांनीच पास केलेल्या, एकाहून एक ठणठणीत. त्या दबल्या, दबल्या आणि अशा काही उसळल्या, की आडवेराव जिन्यावरून सुटले ते थेट खाली कापसाच्या ढिगात. जीव वाचला. पण पाठीतून ‘कट्’ असा आवाज आला. तो शिलाईच्या मशीनच्या खडखडाटातही सगळ्यांनी ऐकला.

सगळा कारखाना आ वासून उभा राहिला. त्या आवाजाचा अर्थ सगळ्यांना कळला होता. गवयाचा गळा, तसं आडवेरावांचं पाठाड.

चार दिवसांनी ते काठी टेकत कामावर आले. पहिली गादी पुढे आली. ते हळूहळू टेकले आणि किंचाळले, “टोचतंय! न्या परत!” दुसरी आली. “अयाई गं! परत!” संध्याकाळपर्यंत एकही गादी पास झाली नाही. नाकारलेल्या गाद्यांची चळत छताला जाऊन भिडली. आडवेरावांना कळत होतं, की खोट गादीत नाही, पाठीत आहे. पण कबूल करायचं म्हणजे मोठी जागा राहिली दूर, हातातलीही जायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शेवटी बोलावणं आलंच. काठी टेकत ते मालकांच्या खोलीत शिरले, तर तिथं संशोधक बाई आनंदानं जवळजवळ नाचत होत्या आणि मालक पांढरेफटक पडून खुर्चीला चिकटले होते.

“या, या!” बाई म्हणाल्या. “अहो, माझ्या सगळ्या अभ्यासात असं कधी घडलं नाही. अख्ख्या कारखान्यानं म्हातारपणाच्या बचतीवर सह्या केल्या! चौघं कुंपणावर बसलेत, तेवढेच राहिले.”

“आपापले फोटो बघून?” आडवेरावांनी विचारलं.

“छे! आपापले फोटो बघून ते पोट धरून हसले. ‘सत्तरीला अजून अवकाश आहे’ म्हणाले.” बाईंनी आवाज खाली आणला. “मग त्यांनी तुम्हाला बघितलं. मी विचारलं एकेकाला. प्रत्येक जण म्हणाला, बाई, म्हातारपण सत्तरीला येतं हे खोटं आहे, ते पंचेचाळिशीलाच येतं! आणि तुम्ही काठी घेऊन आलात, त्या दिवशी तर रांग लागली. एकानं सही केली म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्यानं केली म्हणून तिसऱ्यानं.”

“आणि जेवढे ते टाकणार, तेवढेच मी टाकणार,” मालक खोल विहिरीतून बोलल्यासारखे बोलले. “बाई, तुम्ही म्हणाला होतात, कोणी टाकत नाही म्हणून!”

“सहसा नाही टाकत,” बाई म्हणाल्या. “सहसा असा चेहरा मिळत नाही.”

आडवेरावांनी मनाशी हिशेब मांडला. आता नोकरी गेलीच. गादी पास होईना, आणि नुसतं तोंड दाखवलं तरी मालकाचं दिवाळं निघतंय! पण मालक ताडकन उठले, त्यांचा दंड धरून त्यांना काचेच्या केबिनपाशी घेऊन गेले आणि आत लोटून म्हणाले, “आजपासून तुम्ही मुख्य तपासनीस.”

“साहेब!” आडवेरावांचा कानांवर विश्वास बसेना.

“पडदे लावून घ्या. सगळे. बाहेर यायचं नाही. त्या राहिलेल्या चौघांच्या नजरेला तुम्ही पडता कामा नये. चहा दाराखालून सरकवला जाईल.”

दाराखालून चहा कसा सरकवायचा, हा प्रश्न कुणी विचारला नाही, इतके सगळे हबकले होते. गाद्यांच्या परीक्षेला स्प्रिंगवाल्याला झोपवलं. त्यानं पहिल्याच गादीवर घोरायला सुरुवात केली आणि मालकांनी ‘पास’ असा शिक्का मारला.

इकडे केबिनमध्ये पडदे लावल्याबरोबर गुडूप अंधार झाला. समोर मऊ खुर्ची. आडवेराव तिच्यात ताठ बसले. पाठीनं वाट बघितली, गादी काही आली नाही. दुखून दुखून तीही दमली होती. तिनं कामाचा नाद सोडला. आणि वर्षानुवर्षं थकलेली ती झोप, सावकार यावा तशी व्याजासकट आली. पहिला दिवस झोपेत गेला. दुसरा गेला. बायको संध्याकाळी येऊन हलवून घरी न्यायची, तिथं ते बसल्या बसल्याच पुढचा डाव सुरू करायचे. दोन महिने असे गेले आणि एके दिवशी दारावर मालकांनी थाप मारली तेव्हा आतून जो बाहेर आला, त्याला बघून मालक दोन पावलं मागे सरले.

“कोण हवंय आपल्याला?” मालकांनी अदबीनं विचारलं.

“मीच आहे, साहेब.”

डोळ्यांखालच्या पिशव्या गायब! गाल भरलेले. कपाळ इस्त्री केल्यासारखं. काठी कुठं ठेवली तेही आठवत नव्हतं. मालकांनी त्यांना उजेडात नेऊन पुन्हा पुन्हा न्याहाळलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. देव पावला! हा चेहरा बघितला की म्हातारपणाची भीती मरणार. उरलेले चौघं सही करणार नाहीत, केलेलेही नावं काढून घेतील. त्यांनी तिथल्या तिथं शिलाईची मशीनं बंद करायला लावली, सगळ्यांना जमवलं आणि आडवेरावांना गाद्यांच्या चळतीवर उभं केलं.

“बघा!” मालक गरजले. “हेच ते, ज्यांना बघून तुमचं धाबं दणाणलं होतं! कुठाय म्हातारपण? दाखवा!”

सगळा कारखाना पुढे सरसावला. शिलाईवाल्या मावशींनी तोंडावर हात घेतला. स्प्रिंगवाला झोपेतून जागा झाला, तो खरोखरचा जागा झाला.

“अरे देवा,” मावशी म्हणाल्या. “दोन महिन्यांत? काय केलंत हो?”

आडवेराव झोपेचं कसं सांगणार! कामावर झोपलो म्हणायचं, तेही मालकांपुढे? ते लाजून नुसते हसले.

“मी सांगतो काय केलं ते,” मागून एक जण ओरडला. राहिलेल्या चौघांपैकीच तो एक. “त्यांनी पैसे टाकायला सुरुवात केली असणार! उद्याची काळजी मिटली की माणूस असा दिसतो. आम्हीच गाढव! बाई कुठायत? सही कुठं करायची?”

“मला वाढवायचेत!” मावशी म्हणाल्या.

“मला दुप्पट करायचेत!” स्प्रिंगवाला म्हणाला. आणि सगळा कारखाना एकमेकांना ढकलत बाईंच्या टेबलाकडे धावला.

मालक गादीच्या काठावर मटकन बसले. त्यांनी वर बघून विचारलं, “खरं सांगा. तुम्ही टाकता का पैसे?”

“शपथेवर सांगतो, साहेब, एक दमडी नाही.”

“मग जा ना, सांगा ना त्यांना! तुमचं ऐकतील ते!”

आडवेराव चळतीवरून खाली उतरले आणि रांगेकडे निघाले. मालकांच्या जिवात जीव आला. रांगेच्या शेवटी पोचल्यावर आडवेराव थांबले, त्यांनी टाचा उंचावून पुढे बघितलं आणि ते तिथंच उभे राहिले.

“अहो, सांगताय ना?” मालकांनी हाक मारली.

“सांगतो, साहेब,” आडवेराव मागे वळून म्हणाले. “पण आधी माझा नंबर येऊ दे. एवढी सगळी शहाणीसुरती माणसं टाकतायत, म्हणजे त्यात काहीतरी असणारच की हो!”