छप्पर समितीचा निष्पक्ष निर्णय

पाऊस वरून पडतो, याबद्दल आता तज्ज्ञांमध्येही मतभेद उरलेले नाहीत. मतभेद आहेत ते त्याचे काय करायचे याबद्दल. आमच्या शहराच्या फुटबॉल स्टेडियमला छप्पर नाही. गेली चाळीस वर्षे पाऊस तिथे कोणाचीही परवानगी न घेता आत शिरतो, तिकीट काढत नाही आणि सामना संपायच्या आत निघूनही जातो. हा गैरप्रकार थांबवण्यासाठी छप्पर समिती नेमण्यात आली. मी तिचा सचिव.

समितीत अकरा सदस्य होते. (फुटबॉलच्या संघातही अकराच असतात. समितीचा खेळाशी आलेला संबंध तो एवढाच.) सदस्यांनी स्टेडियमला चार वेळा भेट दिली. चारही बैठका पाहुण्यांच्या खोलीत झाल्या, कारण तेवढ्याच जागेला छप्पर होते. तिथे बसून चहा घेताना छपराचे महत्त्व सर्वांना मनोमन पटले.

पण नुसत्या पटण्यावर विसंबणारे आम्ही नव्हे. आम्ही प्रेक्षकांची रीतसर पाहणी केली. 'आपण आत्ता भिजला आहात काय?' असा सुटसुटीत प्रश्न छापून घेतला. पहिल्याच दिवशी पाऊस आला आणि कागदावरची शाई ओघळली. एका आजोबांचे उत्तर तर त्यांच्या बाहीवर उतरले. तेव्हापासून पाहणी फक्त कोरड्या दिवशी करायचे ठरले. निष्कर्ष असा निघाला की शंभर टक्के प्रेक्षक कोरडे आहेत. दुसरी एखादी समिती असती तर तिने इथेच गाशा गुंडाळला असता. आमच्या अध्यक्षांनी (हे व्यवसायाने दंतवैद्य. भोक दिसले की बुजवायचे, ही हाताची सवय) अहवालावर शेरा मारला, 'प्रेक्षक भिजल्याचे लपवत आहेत.'

आता एकच अडचण उरली, ती गवताची. आणि गवत म्हटले की गवतकाका आलेच. हे गृहस्थ एकतीस वर्षे मैदानाची निगा राखत आहेत. प्रत्येक सामन्यानंतर खेळाडूंच्या बुटांनी उखडलेली ढेकळे ते गुडघ्यावर बसून एकेक करून जागच्या जागी दाबतात. त्यांना बैठकीला बोलावले, तर पायपुसण्यावर दोन मिनिटे पाय घासून मगच आत आले.

"साहेब, छप्पर घातलंत तर गवताला ऊन कुठून मिळायचं?" त्यांनी विचारले.

"सावलीत वाढणारं गवत लावा की," अध्यक्ष म्हणाले.

"सावलीत वाढतं ते शेवाळ, साहेब. त्यावर खेळाडू धावायचे नाहीत, घसरतील."

"म्हणजे खेळ वेगवान होईल," आमच्या वास्तुरचनाकार बाईंनी वहीत टिपून घेतले.

सखोल चर्चेअंती प्लास्टिकचा हिरवा गालिचा मंजूर झाला. त्याला पाणी लागत नाही, ऊन लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो बैठकीत येऊन प्रश्न विचारत नाही. गालिच्याची निगा राखावी लागत नसल्याने काकांचे पदही ओघानेच अनावश्यक ठरले. दुसऱ्या दिवशी काकूंचा कार्यालयात फोन आला. "यांना घरी पाठवू नका हो," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी माझ्या कुंडीतली टवटवीत रोपं उपटून पुन्हा लावत बसतात. रोज घरी राहिले तर मी कुठे जाऊ?" ही हरकत मुदतीनंतर आल्याने विचारात घेता आली नाही.

काका मात्र हटले नाहीत. "निदान लोकांना तरी विचारा," म्हणाले.

लोकांना विचारायला आमची कधीच ना नव्हती. फोनवरून मतदान घेतले. दर सामन्याला येऊन बाकांवर बसणाऱ्या एक हजार चारशे बारा प्रेक्षकांनी मते दिली. बहुतेकांचे म्हणणे होते, 'छप्पर नको. आम्ही छत्री आणू. काकांचं गवत राहू द्या.' पण भिजणारे हेच, न भिजण्यात फायदाही यांचाच. म्हणजे उघडउघड हितसंबंधी लोक. त्यांची मते बाद करणे नियमाने भागच होते. उरली शहाऐंशी हजार मते. ती देणाऱ्यांपैकी एकानेही कधी स्टेडियमात पाऊल टाकलेले नव्हते. इतके निष्पक्ष मतदार एकगठ्ठा मिळणे हे समितीचे भाग्यच. त्यांतल्या सत्त्याण्णव टक्के लोकांनी घरच्या सोफ्यावरून छपराला कौल दिला.

मतांचे आकडे आणि नोकरी संपल्याचे कळवणारे पत्र मीच काकांच्या हाती दिले. त्यांनी ते दोनदा वाचले. "यांतलं कोणी एकदा जरी आलं असतं ना," ते म्हणाले, "तर त्याला सकाळी गवतावर अनवाणी उभं केलं असतं आणि मग मत विचारलं असतं." मला फार वाईट वाटले. (इतिवृत्तात तशी नोंद नाही.) आदल्या दिवशीच सामना झाला होता. काकांनी पत्र खिशात घातले आणि ढेकळे बसवायला गेले.

वाचकहो, एव्हाना आपलेही मत बनले असेल. ते काकांच्या बाजूनेच असणार, वाचताना सगळे काकांच्याच बाजूने असतात. समिती आपल्या भावनांचा आदर करते. फक्त आपल्या अर्जातला एक रकाना भरायचा राहिला आहे: आपल्या शहरातल्या मैदानावर, बाकावर बसून, आपण शेवटचा सामना कधी पाहिलात? आठवत नसेल तर रकाना कोरा सोडा. कोरे रकाने आम्ही छपराला होकार म्हणूनच धरतो.