राहिलेला शेवट

"या वेळी शेवट पाह्यल्याशिवाय उठाचं नाई," टॉकीजच्या दारातच वच्छलाबाईंनी नवऱ्याला दम दिला.

"नाई उठत वो," बंडूजी म्हणाले. "पेन्शनवाल्याले आता कोण बोलावते?"

दम उगाच नव्हता. एकाहत्तर साली, लग्नाला महिना झालेला असताना, सुट्टीवर आलेले शिपाई बंडू झाडे नव्या बायकोला घेऊन याच वर्ध्यात सिनेमाला आले होते. सिनेमा रंगात आला आणि पडद्यावर निरोपाची पाटी झळकली : 'सिंदी मेघेचे बंडू झाडे यांनी ताबडतोब बाहेर यावे.' नवऱ्याचं नाव पडद्यावर पाहून वच्छलाबाईंना आधी अभिमानच वाटला. बाहेर सासरे पलटणीची तार घेऊन उभे होते. "तू बस, मी आलोच," म्हणून बंडूजी जे गेले ते लढाई आटोपून दीड वर्षानं उगवले. वच्छलाबाईही रडत घरी गेल्या. सिनेमाचा शेवट राहिला तो राहिलाच.

पुढं संसारात भाजी खारट होवो की पाहुणे उपाशी जावोत, वच्छलाबाईंचा हुकमाचा पत्ता ठरलेला : "ज्याले एक पिच्चर पुरा दाखवता आला नाई, त्यानं बोलू नये!" पुन्हा टॉकीजची पायरी चढायची नाही, असा त्यांचा पणच होता. म्हाताऱ्या फौजींवरचा सिनेमा आला, नात अंकितानं मोबाइलवर तिकिटं काढली, तेव्हा कुठं तो सुटला.

सिनेमा छान होता. लढाईतून वाचलेले चार दोस्त म्हातारपणी आपल्या जुन्या छावणीत भेटतात. बंडूजी अधूनमधून "आमचा सुभेदार असाच होता" म्हणून सांगत होते आणि वच्छलाबाई "चूप बसा" म्हणत होत्या. आता शेवट आला. पडद्यावर संध्याकाळ झाली, बिगुल वाजला, झेंडा उतरू लागला.

आणि बंडूजी ताडकन उठून सावधान उभे राहिले. छावणीत संध्याकाळचा बिगुल वाजला की जो जिथं असेल तिथं उभा राहतो आणि झेंडा पुरता उतरेपर्यंत हलत नाही. बंडूजींना निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण त्यांच्या पायांना ते कोणी कळवलं नव्हतं.

"ओ काका, बसा ना! दिसून नाई राह्यलं!" मागून कोणी ओरडलं.

बंडूजी हलले नाहीत. शेजारच्या खुर्चीतल्या एका मास्तरांना वाटलं, फौजी माणूस उभा आहे, म्हणजे उभं राहायचं असेल. ते उठले. ते उठले म्हणून पुढची रांग उठली. ओरडणाराही पॉपकॉर्न बगलेत धरून मुकाट्यानं उठला. बघता बघता सगळं टॉकीज उभं! आधी कोण बसणार? दिग्दर्शकानं झेंडाही असा सावकाश उतरवला की सिनेमा संपेपर्यंत तो उतरतच होता.

बसल्या होत्या त्या एकट्या वच्छलाबाई. गुडघ्यांपायी त्यांना झटकन उठवेना आणि समोर चौकड्याच्या शर्टाची भलीमोठी पाठ. शेवट काय झाला ते त्या शर्टाला माहीत.

बाहेर लोक डोळे पुसत बंडूजींशी हात मिळवत होते. मास्तर गहिवरून म्हणाले, "असा शेवट आजवर पाहिला नव्हता!"

"मीबी नाई," वच्छलाबाई म्हणाल्या.

सिंदी मेघे आल्यावर बंडूजींनी हळूच विचारलं, "सांगू काय, काय झालं ते?"

"खबरदार! सांगून भागत असतं, तर गावातल्या कोणालेबी नसतं काय विचारलं तवा?"

बंडूजींना फार लागलं ते. रविवारी त्यांनी अंकिताकडून पुन्हा तिकिटं काढवली, तीही सगळ्यात पुढच्या रांगेची.

"आबाजी, तिथं मान दुखते ना," अंकिता म्हणाली.

"दुखू दे. पुढं कोणी उठणार तर नाई."

वच्छलाबाईंनी त्याहून पक्का बंदोबस्त केला. खुर्चीत बसताच पदराचं टोक बंडूजींच्या मनगटाला गाठ मारून बांधलं. "आता उठा कसे उठता ते!"

बिगुल वाजला. बंडूजी बसून राहिले. पण त्यांची हनुवटी वर गेली, बांधलेला हात सावधानसारखा मांडीशी ताठ ओढला गेला. वच्छलाबाईंना ती ओढ पदरातून कळली.

"उठा जी," त्या म्हणाल्या आणि गाठ सोडायला लागल्या. ती सुटेना. झेंडा तर उतरू लागला होता. शेवटी गुडघे धरून, देवाचं नाव घेत त्याही उठल्या. दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. समोर अख्खा पडदा मोकळा होता.

घरी अंकिता वाटच पाहत होती. "आजी, पाह्यला काय मंग शेवट?"

"कुठचा व माय! आयुष्यात कधी रडला नाई हा माणूस, आज रडला. सावधानमध्ये हात हलवता येत नाई म्हणते. मंग मीच याह्यचे डोळे पुसत राह्यली."

"मलेबी नाई दिसला," बंडूजी म्हणाले. "हिचा पदर डोळ्यांवर होता."

अंकितानं मोबाइल उचलला. "थांबा, उद्याचे तिकिटं काढतो."

"राहू दे व," वच्छलाबाई पदराची गाठ दातांनी सोडवत म्हणाल्या. "शेवट पाह्यला, का मंग याह्यच्याशी भांडाले काय उरते मले?"